नऊ वार नेमके कशाचे?

अमेरिकेत एखाद्याने काम अर्धवट न सोडता पार टोकापर्यंत नेलं, किंवा एखादी हकिकत अथपासून इतिपर्यंत सांगितली, की त्याला ‘द होल नाइन यार्ड्‌स’ म्हणतात. सगळेच्या सगळे नऊ वार. लग्नात मांडवापासून मिठाईपर्यंत काही म्हणजे काही कमी ठेवलं नाही, तर ते नऊ वार. नवी मोटार घेताना तिच्यात बसवता येतील तेवढी सगळी उपकरणं बसवून घेतली, तर तेही नऊ वार. पण हे नऊ वार कशाचे, असं विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात आणि प्रत्येक जण आपलंच उत्तर खरं असल्याची खात्री देतो.

मराठी वाचकाला अकरावं उत्तर लगेच सुचतं. नऊ वार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुसरं काही येतच नाही. आजीचं नऊवारी लुगडं, त्याचा काष्टा, लग्नातली पैठणी. भारतात निघणाऱ्या इंग्रजी नियतकालिकांत साड्यांवरच्या लेखांना हेच शब्द शीर्षक म्हणून दिलेले दिसतात आणि ते शोभतातही. मग मनात येतं, इंग्रजांनी इथून ‘लूट’ नेली, ‘बंगला’ नेला, ‘पायजमा’ नेला, तसे हे नऊ वारही नेले असतील. तर्क अगदीच टाकाऊ नाही. या वाक्प्रचाराच्या उगमाबद्दल इंग्रजीत ज्या अटकळी फिरतात, त्यांच्या यादीत भारतीय साडीचं नाव खरोखरच असतं. म्हणून तो नुसता झटकून न टाकता, बाकीचे तर्क ज्या कसोटीवर घासायचे त्याच कसोटीवर हाही घासून पाहायला हवा.

त्या यादीतला सर्वात लोकप्रिय तर्क दुसऱ्या महायुद्धातला आहे. लढाऊ विमानांच्या मशीनगनना गोळ्यांचे पट्टे जोडलेले असत. हे पट्टे सत्तावीस फूट, म्हणजे नऊ वार लांब. शत्रूच्या विमानावर वैमानिकाने अख्खा पट्टा रिकामा केला, की तळावर परतल्यावर तो सांगायचा, ‘मी त्याला पूर्ण नऊ वार दिले.’ गोष्ट ऐकताच पटते, कारण तिच्यात माणूस आहे, धोका आहे, आकाश आहे. पण सांगणारा बदलला की विमान बदलतं. एक जण स्पिटफायर म्हणतो, दुसरा मस्टँग, तिसरा बॉम्बर. कुणी पॅसिफिक महासागरावरची लढाई सांगतो, कुणी युरोपातली. शिवाय दारूगोळ्याचा हिशेब नगांवर चालतो, किती गोळ्या भरल्या आणि किती उडाल्या यावर. तो वारांवर मोजण्याचं सैनिकाला काही कारण नाही. काही जण हीच गोष्ट पहिल्या महायुद्धातल्या व्हिकर्स मशीनगनपर्यंत मागे नेतात. तारखांच्या दृष्टीने तीही पुरेशी मागे जात नाही, ते पुढे दिसेलच.

दुसरा तर्क काँक्रीटच्या गाडीचा. बांधकामावर काँक्रीट घनवारांत मोजतात आणि ते कालवत आणणाऱ्या मोठ्या गाडीत नऊ घनवार माल मावतो. पाया मोठा असला की मुकादम म्हणणार, ‘पूर्ण नऊ वार ओत.’ ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये 1979 पासून भाषेवर स्तंभ लिहिणारे विल्यम सॅफायर या वाक्प्रचाराच्या मागावर पुन्हा पुन्हा निघाले. वाचकांना त्यांनी आवाहनं केली, पत्रं मागवली, आणि त्यांचा कल या काँक्रीटच्या गाडीकडे झुकला होता. अडचण अशी, की 1960च्या दशकात, जेव्हा हा वाक्प्रचार छापील मजकुरात अधिक दिसू लागला, तेव्हा अमेरिकेतल्या अशा गाड्या नऊ घनवारांपेक्षा बऱ्याच लहान होत्या. गाड्या वाढत वाढत नऊ वारांपर्यंत पोचल्या तेव्हा वाक्प्रचार आधीच लोकांच्या तोंडी होता.

फुटबॉलचा तर्क तर मुळातच उलटा पडतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. नऊ यार्डांवर अडकलेला संघ यशाच्या तोंडाशी येऊन फसलेला असतो, त्याला ‘सगळं मिळवलं’ कोण म्हणेल? शिडाच्या जहाजाचा तर्क जास्त डौलदार आहे. ज्या आडव्या डोलकाठीला शीड बांधतात तिलाही इंग्रजीत ‘यार्ड’च म्हणतात. तीन उभ्या डोलकाठ्या, प्रत्येकीवर तीन आडव्या, अशा नऊ. सगळी शिडं उभारली की जहाज पूर्ण वेगाने निघालं. पण असंख्य जहाजांवर अशा काठ्या नऊपेक्षा कमी किंवा जास्त असत, आणि खलाशांच्या भाषेत हा वाक्प्रचार या अर्थाने कुठे नोंदलेला सापडत नाही. याखेरीज स्कॉटिश पुरुषांचा घागरा, नववधूचा पदर, प्रेताचं वस्त्र, उंची सूटला लागणारं कापड असे कितीतरी तर्क आहेत. कापडाच्या तर्कांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण ते बाकीच्यांसारखे सहज उडवून लावता येत नाहीत.

या सगळ्या कथांमध्ये एक खोट सारखीच आहे. प्रत्येक कथा एखाद्या वस्तूपासून सुरू होते. नऊ वार लांबीचं किंवा नऊ वार मावेल असं काहीतरी शोधायचं आणि मग त्याच्याभोवती प्रसंग विणायचा. जगात नऊ वारांच्या वस्तू भरपूर आहेत, तेव्हा असा शोध कधीच रिकाम्या हाती परतत नाही, आणि त्यामुळेच त्याने काही सिद्धही होत नाही. शब्दाचा माग काढायचा तर उलट्या दिशेने चालावं लागतं. वस्तू बाजूला ठेवायची आणि हे तीन शब्द एकत्र, या अर्थाने, सर्वात आधी कुठे आणि केव्हा छापले गेले ते पाहायचं. ज्या तारखेला ते सापडतील त्या तारखेनंतरची प्रत्येक कथा आपोआप गळून पडते.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची सगळी इमारत याच शिस्तीवर उभी आहे. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी 1879 मध्ये इंग्रजी वाचणाऱ्या जगाला आवाहन केलं: पुस्तकं वाचा, शब्द जिथे दिसेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, पुस्तकाचं नाव आणि साल लिहा आणि पाठवा. अशा लाखो चिठ्ठ्या जमल्या. आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त जुन्या ग्रंथांतली अवतरणं दिलेली आहेत. ते खंड उघडले की त्या माणसांच्या कष्टांपुढे मान लवते. एकेका अवतरणामागे कुणाचं तरी दिवस दिवस वाचन आहे.

‘होल नाइन यार्ड्‌स’चा माग असाच एकेक पाऊल मागे सरकत गेला. बराच काळ सर्वात जुना पुरावा 1967 सालचा मानला जाई: एलेन शेपर्ड यांची व्हिएतनाम युद्धातल्या हवाई दलावरची कादंबरी. त्यामुळे वाक्प्रचार सैन्यातूनच आला असं वाटणं स्वाभाविक होतं. मग जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकं संगणकावर शोधता येऊ लागली. 1964 मधला एक लेख सापडला. अनेक वर्तमानपत्रांनी छापलेल्या त्या लेखात अवकाश संशोधन संस्था नासातल्या लोकांची बोली समजावून दिली होती, आणि तिच्यात ‘नऊ वार देणे’ म्हणजे एखाद्या प्रकल्पाची बाबवार तपशीलवार माहिती देणे, असा अर्थ होता. विमानं, रॉकेटं, युद्ध, सगळं जवळपासच घुटमळत होतं. तेवढ्यात 1962 सालची एक लघुकथा सापडली आणि तिच्यात हे शब्द घरोघर ब्रश विकणाऱ्या विक्रेत्याशी जोडलेले निघाले. त्याच वर्षी मोटारींच्या एका मासिकात छापलेल्या पत्रात नव्या गाडीतल्या सोयीसुविधांना ‘सगळे नऊ वार’ म्हटलेलं मिळालं. वैमानिक आणि अंतराळवीर मागे पडले, समोर आले ते साधे विक्रेते आणि गाड्यांचे शौकीन.

यानंतरचा सर्वात मोठा पल्ला बॉनी टेलर-ब्लेक यांनी गाठला. त्यांचा पेशा कोशकाराचा नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्या मेंदूविज्ञानाचं संशोधन करतात आणि शब्दांचा माग हा त्यांनी आपणहून पत्करलेला ध्यास आहे. ‘येल बुक ऑफ कोटेशन्स’चे संपादक फ्रेड शापिरो त्यांच्या जोडीला होते. टेलर-ब्लेक यांना केंटकी राज्यात निघणाऱ्या शिकार आणि मासेमारीच्या मासिकात 1956 आणि 1957 सालचे दोन उल्लेख सापडले. पहिल्यात मासेमारीच्या स्पर्धा आणि बक्षिसं यांची सगळी माहिती देऊन झाल्यावर लेखक म्हणतो की झाले हे नऊ वार. म्हणजे सांगायचं ते सगळं सांगून झालं. युद्ध नाही, काँक्रीट नाही, जहाज नाही. केंटकीचा शिकारी आपल्या वाचकांशी घरगुती भाषेत बोलतो आहे आणि वाचकाला हे शब्द समजावून सांगायची गरज त्याला वाटत नाही.

मग अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांचा जो साठा सर्वांना खुला केला आहे, त्यात शोध सुरू झाला, आणि तिथे जे हाती लागलं ते मला या सगळ्या हकिकतीत सर्वात विलक्षण वाटतं. केंटकीतल्याच माउंट व्हर्नन या गावच्या ‘सिग्नल’ नावाच्या वर्तमानपत्रात 1912 मध्ये हा वाक्प्रचार दोनदा आला आहे, पण नऊ वार म्हणून नव्हे, सहा वार म्हणून. एके ठिकाणी रिपब्लिकन पक्षातल्या भांडणाचा विषय आहे. थिओडोर रूझवेल्ट आणि टाफ्ट यांचं त्या वर्षी बिनसलं होतं. लिहिणारा विरोधी पक्षाचा आहे आणि त्याला उकळ्या फुटत आहेत: जरा थांबा, भांडण तापलं की हे लोक सगळेच्या सगळे सहा वार सांगून टाकतील. दुसरीकडे बातमीदार कळवतो की काही दिवस बाहेरगावी गेल्यामुळे या अंकात सगळ्या बातम्या देता आल्या नाहीत, पुढच्या अंकात पूर्ण सहा वार देऊ. साउथ कॅरोलायनातल्या एका वर्तमानपत्रात 1921 साली बेसबॉलच्या सामन्याच्या वृत्तान्तावर मथळा होता, त्यातही सहाच वार.

सहा वार मिळाल्याबरोबर नऊ वारांच्या वस्तूंवर उभ्या असलेल्या सगळ्या कथा एकदम कोसळल्या. नऊ वारांचा गोळ्यांचा पट्टा असो की नऊ घनवारांची गाडी, आकडाच पक्का नसेल तर ती वस्तू शोधून उपयोग काय? अभ्यासकांनी मग एक साधं स्पष्टीकरण मांडलं. बोलता बोलता आकडे फुगतात. आनंदाने ढगांत तरंगणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘क्लाउड नाइन’वर आहे म्हणतात, पण आधी ‘क्लाउड सेव्हन’ आणि ‘क्लाउड एट’ अशीही रूपं छापली गेली होती. तसेच सहा वारांचे नऊ झाले असावेत. डिसेंबर 2012 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही हकिकत छापली आणि प्रश्न जवळजवळ सुटला असं वाटू लागलं.

सुटला मात्र नव्हता. टेलर-ब्लेक थांबल्या नाहीत आणि थोड्याच काळात त्यांना इंडियाना राज्यातल्या मिचेल या छोट्या गावचं ‘कमर्शियल’ हे वर्तमानपत्र सापडलं. 2 मे 1907च्या अंकात त्या दिवशी दुपारी होणाऱ्या बेसबॉल सामन्याची बातमी आहे. गावचा नेहमीचा संघ आणि गावचे व्यापारी समोरासमोर येणार आहेत. व्यापाऱ्यांना झेपतील तितके डाव खेळले जातील, पण पूर्ण नऊ वारांचं आश्वासन देता येत नाही, असं बातमीदार लिहितो. पुढच्या वर्षी, 1908 मध्ये, त्याच वर्तमानपत्रात मासे धरायला गेलेल्या एका गावकऱ्याची बातमी आहे. त्याच्याकडे आता सांगायला लांबलचक गोष्ट आहे, आम्ही काही ती ऐकायला उभे राहत नाही, पण एक दिवस तो कुणातरी बेसावध माणसाला गाठेल आणि त्याला पूर्ण नऊ वार ऐकवेल. नंतरच्या काही वर्षांत याच पत्रात हे शब्द आणखी येतात, कधी ‘सगळं घेऊन टाकणे’ या अर्थाने, कधी ‘सगळं निकालात काढणे’ या अर्थाने.

म्हणजे नऊ सहाच्या आधीचे निघाले. आकडे फुगतात हे खरं असलं तरी इथे सहाचे नऊ झाले असं आता सरळ म्हणता येत नाही. शेजारशेजारच्या दोन राज्यांत एकाच काळात दोन्ही रूपं चालू होती. बेसबॉलमुळे नऊ आले असतील असंही क्षणभर वाटतं. संघात खेळाडू नऊ, सामन्यात डाव नऊ, आणि 1907चं वाक्य तर सामन्याबद्दलच आहे. पण मासे धरणाऱ्याच्या गोष्टीत बेसबॉल कुठेच नाही, तरी वार नऊच आहेत. उलट 1921चा मथळा बेसबॉलच्याच वृत्तान्तावर आहे, जिथे नऊ हा आकडा सगळीकडे पसरलेला असतो, आणि तिथे संपादकाने लिहिले आहेत सहा. या एका मथळ्यामुळे बेसबॉलवाला तर्क मला लटका वाटतो.

आता आपली नऊवारी. सहा आणि नऊ, हीच जोडी आपल्याकडेही आहे याची मराठी वाचकाला एव्हाना आठवण झाली असेल. आजी नऊवारी नेसायची, आई सहावारीवर आली. इकडे नऊचे सहा झाले, तिकडे सहाचे नऊ झाले असं काही काळ वाटत होतं, आणि शब्दांत ‘वार’ही तेच. यापेक्षा गोड योगायोग मागूनही मिळणार नाही. पण तो योगायोगच आहे. साडीचा तर्क खरा ठरायचा तर हा वाक्प्रचार आधी मुंबई-पुण्याच्या इंग्रजांच्या तोंडी हवा होता, तिथून तो इंग्लंडात पोचायला हवा होता आणि मगच अमेरिकेत. या वाटेवर त्याचं एकही पाऊल उमटलेलं नाही. हिंदुस्थानातल्या इंग्रजांची बोली बारकाईने टिपणाऱ्या यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद नाही. ब्रिटनमध्ये तो अमेरिकेकडून, खूप उशिरा आला. जे आहे ते इंडियाना आणि केंटकीच्या गावांत आहे, आणि तिथल्या बातमीदाराला आपल्या लुगड्याची लांबी ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मापाचा शब्द तरी आपला अस्सल असावा, तर आपला ‘वार’ हाही पोर्तुगीजांच्या ‘वारा’ या मापाशी जोडला जातो, आणि तो ‘वारा’ साधारण 1.1 मीटरचा होता, 0.9144 मीटरच्या इंग्रजी यार्डाहून लांब.

दोन भाषांत एकच आकडा दिसला म्हणजे नातं असतंच असं नाही, याचं याहूनही चांगलं उदाहरण नऊचंच आहे. ‘नव्याची नवलाई नऊ दिवस’ असं आपण म्हणतो. इंग्रजीतही थोडे दिवस गाजून विरून जाणाऱ्या गोष्टीला ‘नऊ दिवसांचं आश्चर्य’ म्हणतात. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीत पूर्वी असलेल्या विल केम्प या विनोदी नटाने 1600 साली लंडनहून नॉर्विचपर्यंत नाचत जाण्याचा पराक्रम केला आणि त्यावरच्या आपल्या पुस्तिकेला हेच नाव दिलं. पण नाव त्याच्या आधीपासून इंग्रजीत रुळलेलं होतं. मराठी म्हणीला तिचं स्वतःचं कारण आहे: नव, नवल आणि नऊ यांचा कानाला लागणारा अनुप्रास. इंग्रजीत हे तीन शब्द असे एका माळेत येत नाहीत. दोघी आपापल्या वाटेने नऊपर्यंत आल्या.

उगमाच्या कथा इतक्या सहज का पसरतात, याचं एक उदाहरण मुंबईच्या बंदराशी जोडलेलं आहे. उंची, खानदानी या अर्थाचा ‘पॉश’ शब्द आपण मराठीतही बिनदिक्कत वापरतो. त्याबद्दल सांगतात की पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना श्रीमंत प्रवासी डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेत, म्हणजे उन्हाचा ताप कमी, आणि त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून तिकिटावर छापला जाणारा ‘पॉश’ झाला. असं छापलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही. तरी ही कथा मरत नाही, कारण तिच्यात समुद्र आहे, साहेब आहे, सावली आहे.

आपल्या ‘ध’चा ‘मा’ करण्याकडेही मी याच नजरेने पाहतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हा इतिहास आहे. आनंदीबाईंनी ‘धरावे’ या आज्ञेतलं एक अक्षर बदलून ‘मारावे’ केलं, ही त्या खुनाबद्दलची कथा आहे. आणि ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार ही तिसरीच गोष्ट आहे. तिन्ही एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की वाक्प्रचार आहे म्हणून कथा खरी आणि कथा आहे म्हणून तो कागद खरा, असं आपण मानत जातो. हा वाक्प्रचार मराठीत लिहिलेला सर्वात आधी कुठे दिसतो, त्या दिवसापासून किती वर्षांनी, कोणत्या कागदात, हा प्रश्न आपल्याकडे कुणीतरी टेलर-ब्लेक यांच्यासारखा जिद्दीने हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातली मराठी वर्तमानपत्रं, मासिकं आणि मोडी कागद शोधता येण्याजोगे व्हायला हवेत, नुसती छायाचित्रं काढून ठेवून भागणार नाही. शब्द टाकला की पान उघडलं पाहिजे.

मग नऊ वार कशाचे? बरेच अभ्यासक आता म्हणतात, कशाचेच नव्हेत. ‘होल’ला काहीतरी जोडून ‘सगळं’ म्हणायची अमेरिकी बोलीला जुनी हौस आहे. ‘होल शीबँग’, ‘होल बॉल ऑफ वॅक्स’, ‘होल एन्चिलाडा’. यातल्या मेणाच्या गोळ्याला मेण शोधत बसू नये, तसं इथे वारांना वस्तू शोधू नये. आकडा कधी सहा, कधी नऊ, हे या मताला पोषकच आहे.

मला मात्र एवढ्यावर थांबवत नाही, आणि इथे कापड पुन्हा येतं. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला अमेरिकेत कापड तीनच्या पटीतल्या ठरावीक लांबींत विकलं जाई, आणि नऊ वार ही त्यातली नेहमीची लांबी. तीनच्या पटीत सहाही येतात आणि नऊही. एकच वाक्प्रचार दोन्ही आकड्यांनी का बोलला गेला, याचं मला पटणारं असं हे एकमेव कारण आहे. त्यात 1855 सालची एक विनोदी गोष्ट आहे, एका न्यायाधीशाच्या भल्यामोठ्या शर्टाची. तीन शर्टांपुरतं कापड घेतलं होतं. शिवणारणीने ते सगळेच्या सगळे नऊ वार एकाच शर्टात घातले. शब्द तेच, ‘होल नाइन यार्ड्‌स’, फक्त अर्थ अजून शब्दशः आहे: नऊ वार म्हणजे खरोखर नऊ वार कापड. ही गोष्ट इंडियानातल्या न्यू ऑल्बनीच्या वर्तमानपत्रात आली होती. न्यू ऑल्बनी ओहायो नदीच्या काठी आहे आणि नदीपलीकडे केंटकी. मिचेल आणि माउंट व्हर्नन दोन्ही याच पट्ट्यातली गावं.

दुसरी एक गोष्ट मला या जुन्या वाक्यांत सारखी जाणवते. 1908चा मासे धरणारा गोष्ट ऐकवतो, 1912चे राजकारणी भांडाफोड करणार आहेत, बातमीदार बातम्या देणार आहे, 1956चा लेखक माहिती देऊन मोकळा होतो, नासातले लोक अहवाल देतात. सुरुवातीच्या बहुतेक उल्लेखांत हे वार बोलण्याचे आहेत. लांबलचक बोलणं कापडाच्या ताग्यासारखं उलगडत जातं, ही कल्पना कुठल्याही भाषेत सहज सुचण्यासारखी आहे. आपण त्याला चऱ्हाट म्हणतो आणि दोरासारखं वळत नेतो. इंग्रजीतही लांबण लावून गोष्ट सांगणाऱ्याला सूत काततो म्हणतात. दुकानदार तागा उलगडून वार मोजतो आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून पाहतं, ते दृश्य त्या काळच्या प्रत्येक गावात रोजचं होतं. तिथून ‘त्याने मला पूर्ण नऊ वार ऐकवले’ इथपर्यंतची उडी मला फार मोठी वाटत नाही.

पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. 1855 मध्ये नऊ वार कापडाचे आहेत आणि 1907 मध्ये ते बेसबॉलच्या बातमीत आहेत, तेही अशा सहजपणे की मिचेलच्या वाचकाला ते आधीच परिचयाचे असले पाहिजेत. मधल्या बावन्न वर्षांत कुठल्या तरी दुकानात, कुठल्या तरी ओट्यावर, कुणीतरी कापडाचे वार पहिल्यांदा बोलण्याला लावले असतील, आणि कुठल्या तरी गावच्या संपादकाने ते छापलेही असतील. ओहायो नदीच्या दोन्ही काठांवर त्या काळी गावोगाव साप्ताहिकं निघत होती. शोधायचं ते तिथे शोधायचं आहे.